महाभियोग म्हणायचं की नाही? (मिसळीची पैज लागलीय म्हणून)

ऐरोलीच्या अभ्यासिकेतून एका मुलाने विचारलंय, एमपीएससीचा अभ्यास करतोय तो. "दादा, न्यायाधीशाला काढतात त्याला महाभियोगच म्हणतात ना? मित्र म्हणतो राज्यघटनेत तसा शब्दच नाही. ठाण्यातल्या मामलेदारच्या मिसळीची पैज लागलीय. आणि महाभियोग म्हणजे मोठा खटला का?"

आधी शब्द बघू. महा अधिक अभियोग, संधी होऊन महाभियोग, त्यामुळे "महाअभियोग" लिहू नकोस, पेपरवाले लिहितात तरी. अभियोग हा फार जुना शब्द, याज्ञवल्क्य स्मृतीतही आहे, अर्थ आरोप किंवा फिर्याद. त्यावरून सरकारी वकिलाला कागदोपत्री सरकारी अभियोक्ता म्हणतात. अभियुक्त म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, हिंदीत अजून सर्रास चालतो, आपण आपले आरोपी म्हणून मोकळे होतो. गंमत बघ, एलआयसीचं ते "योगक्षेमं वहाम्यहम्" आहे ना, गीतेत त्याच्या आधीचे शब्द आहेत "तेषां नित्याभियुक्तानां", आणि तिथले अभियुक्त आरोपी नाहीत, मनापासून जोडले गेलेले भक्त आहेत. एकच धातू, युज्, जोडणे. कुणी भक्तीला जोडला जातो, कुणी गुन्ह्याला. इंग्रजी इंपीच तर लॅटिनमधल्या पायाच्या बेडीवरून आलाय, म्हणजे ओढूनताणून का होईना पण आपल्या पद, पाद वगैरेंचा लांबचा नातेवाईकच.

आता पैज. तुझा मित्र बराचसा बरोबर आहे. इंपीचमेंट हा शब्द घटनेत राष्ट्रपतींसाठी आहे, कलम ६१ मध्ये. न्यायाधीशांसाठी कलम १२४(४) नुसतं पदावरून दूर करण्याबद्दल बोलतं, कारणं दोनच, गैरवर्तन नाहीतर असमर्थता, आणि तीही सिद्ध झालेली पाहिजेत. (गैरवर्तन म्हटलं की मला शाळेच्या दाखल्यावरची "वर्तणूक : चांगली" आठवते, पण असो.)

मग मी एवढा कीस का काढतोय, बोलताना वकीलसुद्धा महाभियोगच म्हणतात की. तर "महाभियोग" ऐकलं की डोळ्यासमोर येतं की संसदेत कोर्ट भरलंय, खासदार उलटतपासणी करतायत, शिक्षा ठोठावतायत. ब्रिटनच्या संसदेत तसं खरंच झालंय, वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला १७८८ ते १७९५ चालला आणि शेवटी तो सुटला. आपल्याकडे न्यायाधीशाबाबत मुद्दाम तसं ठेवलेलं नाही. १९६८ च्या कायद्याप्रमाणे लोकसभेतल्या १०० किंवा राज्यसभेतल्या ५० खासदारांनी सह्या करून नोटीस द्यायची, अध्यक्षांनी किंवा सभापतींनी ती दाखल करून घेतली तर तिघांची समिती, एक सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती, एक हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक कायदेपंडित. आरोप खरे की खोटे ते ही समिती ठरवते, त्यांनी "सिद्ध नाही" म्हटलं की खेळ खल्लास, संसदेला मत द्यायलाही काही उरत नाही. सिद्ध झाले तरच दोन्ही सभागृहात मतदान, त्यातही हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. एरवी न्यायाधीशांच्या कामकाजातल्या वर्तनाबद्दल संसदेत चर्चासुद्धा करता येत नाही, कलम १२१, आणि विधानसभेला तर कलम २११ ने तोंडच उघडायला बंदी आहे. म्हणजे दोष न्यायक्षेत्रातल्यांनी बघायचा आणि खुर्ची लोकप्रतिनिधींनी काढायची, कुण्या एकाच्या हातात दोन्ही नाही. "संसदेचा न्यायव्यवस्थेवर अंकुश" असं जे छापतात ते मला म्हणूनच खटकतं, अंकुश हत्तीवर बसलेल्या माहुताच्या हातात असतो आणि इथे संसद काही वर बसलेली नाही.

आता हे चांगलं की वाईट? १९९३ बघ. सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या चौकशी समितीचे प्रमुख आपले न्या. पी. बी. सावंत होते, समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले, आणि लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६, विरोधात शून्य, तरी ठराव पडला! काँग्रेसवाले तटस्थ राहिले, आकडा गाठता आला नाही. २०११ ला कलकत्ता हायकोर्टाचे न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत पास झाला, लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. माझं मत विचारशील तर कुलूप जरा जास्तच भक्कम झालंय, पण सत्तेवरच्या पक्षाला नको असलेला निकाल आला की न्यायाधीश बदलायचा, हे त्याहून वाईट.

अजून एक, परीक्षेत चुकशील म्हणून. हे सगळं न्यायमूर्तींसाठी, म्हणजे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट. सरन्यायाधीशही त्यातच आले (हा "सर" सरसेनापतीतला, इंग्रजी सर नव्हे). ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांवर महाभियोग वगैरे काही नसतं, त्यांच्यावर नियंत्रण हायकोर्टाचं, कलम २३५. मराठीत आपण न्यायमूर्ती आणि न्यायाधीश असे दोन शब्द वापरतो ते इथे बरोबर कामाला येतात.

तर पेपरात "पदावरून दूर करणे" लिही, गप्पांत महाभियोग चालेल. मिसळीचे पैसे तू दे, पाव मित्राला द्यायला लाव, कारण घटनेत तो शब्दच नाही हे त्याचंही चुकलं, राष्ट्रपतींसाठी आहे. आणि मामलेदारांचंही, म्हणजे तहसीलदारांचंही, कोर्ट असतं बरं का, १९०६ चा कायदा आहे, शेताची वाट अडवली की तिथेच जातात लोक. त्यांच्यावर मात्र महाभियोग नाही, आधीच सांगतो, नाहीतर परत पैज लावाल.