शनिवारी मुलाचं पोट दुखतं, कारण बाबांची टीम खेळते

‘मॅच हरली की माझा नवरा दोन-तीन दिवस कुणाशी धड बोलत नाही. हा आजार म्हणायचा की स्वभाव?’ ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मराठीतून समुपदेशन करायचं म्हणजे सप्टेंबर ते जानेवारी या काळात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बायका थोड्या ओशाळलेल्या असतात. ‘एवढ्याशा कारणासाठी तुमच्याकडे यायचं म्हणजे...’ असं म्हणत बसतात. गावाबाहेरच्या माणसाला हे कारण एवढंसं वाटेल. इथे शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाशी मॅच असलेल्या आठवड्यात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल पट्टीने खोडून टाकतात, तेव्हा नवरा अबोल होतो यात मला नवल वाटत नाही.

पुढची हकिगत एका कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला एक बाई आल्या, त्या नवऱ्याची तक्रार घेऊन नव्हे. अकरा वर्षांच्या मुलाचं पोट दुखत होतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या होत्या, काही निघालं नव्हतं. ‘मनाचं असेल’ म्हणून त्यांनी इकडे पाठवलं होतं. शाळेला दांडी मारायला दुखणारं पोट सोमवारी सकाळी दुखतं. हे शनिवारी दुखायचं. शनिवारी घरात काय असतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “काही नाही हो ताई. फुटबॉल असतो.”

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू काखेत मारून समोरच्याच्या अंगावर धावून जायचा हा खेळ. आणि खेळणारी टीम कॉलेजची असली तरी ‘कॉलेजची टीम’ म्हणजे गॅदरिंगसोबतच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असं डोळ्यांसमोर आणू नका. ओहायो स्टेट विद्यापीठाचं मैदान १९२२ सालचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, एक लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं. घरच्या मॅचच्या शनिवारी त्या भागातून गाडी काढायची तर भल्या सकाळीच काढायची.

३० नोव्हेंबर २०२४ ला त्याच मैदानावर मिशिगनविरुद्ध मॅच होती. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, हंगामात १० विजय आणि १ पराभव. मिशिगन कसंबसं ६ विजय आणि ५ पराभवांवर. जाणकार ओहायोला वीसेक गुणांनी वरचढ धरत होते. त्याआधीच्या सलग तीन वर्षांत मिशिगनने हरवलेलं होतं, त्याचं उट्टं निघणार म्हणून सगळं शहर लाल कपड्यांत. प्रत्यक्षात १०-१० अशी बरोबरी असताना, ४५ सेकंद उरलेली, मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून चेंडू दोन खांबांमधून मारला. १३-१०. मग मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. संध्याकाळपर्यंत प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, अशी ओरड सुरू झाली होती.

या घरात त्या दुपारी दोन मराठी कुटुंबं जेवायला होती. मिसळीचा बेत होता. मॅच संपली तशी नवऱ्याने रिमोट सोफ्यावर आपटला. मुलगा म्हणाला, “बाबा, गेमच तर आहे.” त्यावर सगळ्यांदेखत “तू तोंड बंद ठेव” असं ऐकून तो वर निघून गेला. पाहुणे पाव तसेच ठेवून उठले. नवरा मंगळवारपर्यंत ऑफिसपुरतं बोलत होता. मुलाने आपली लाल जर्सी गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, ती आईला बुधवारी सापडली.

अशा वेळी बाईंना एकटं बसवून काही प्रश्न मी विचारतेच. कधी हात उगारला आहे का? वस्तू फेकतात त्या कुणाच्या दिशेने? तुम्हाला त्यांची भीती वाटते का? हे विचारायला ठोस कारण आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी व्यावसायिक फुटबॉलच्या रविवारच्या सामन्यांची पोलिसांकडच्या नोंदींशी सांगड घालून २०११ मध्ये एक अभ्यास छापला. जिंकणारच असं धरलेली घरची टीम हरली, की घरात पुरुषाने बायकोवर किंवा जोडीदारावर हात टाकण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढतं, तेही मॅच संपण्याच्या आसपासच्या थोड्या तासांत. सामना अटीतटीचा होणार हे आधीपासून माहीत असेल तर हरल्यावर तसा फरक दिसत नाही. म्हणजे माणूस हरण्याने जेवढा पिसाळतो त्याहून ‘हे आपलंच होतं’ असं वाटून हातचं गेल्याने पिसाळतो. वीस गुणांनी जिंकणार म्हणून मिसळ मांडलेली दुपार तशीच होती.

या घरात हात उगारल्याची गोष्ट नव्हती. तसं असतं तर पुढचं जोडप्याचं समुपदेशन मी केलंच नसतं. आधी बाईंच्या सुरक्षिततेचं बघितलं असतं. अमेरिकेत कुणाला अशी गरज असेल तर १-८००-७९९-७२३३ हा घरगुती हिंसाचारासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

नवरा आला तो हाताची घडी घालून. त्यालाही ठरलेले प्रश्न विचारले. दारू? बेताची. मॅचवर पैसे लावता का? ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर झालं आहे. फोनवर दोन बोटांत होतं आणि बऱ्याच घरांत ‘टीम हरली म्हणून गप्प’ असलेल्या माणसाचं खरं दुःख त्या अॅपमध्ये निघतं. तो खिन्न हसला. “लावले असते तर बरं झालं असतं मॅडम. निदान पैसे गेले असं सांगता आलं असतं.”

या वाक्यापाशी मी थांबले. ‘नुसता खेळ आहे’ हे त्याला बायकोने, मुलाने, मित्रांनी सांगून झालं होतं. सगळ्यात निरुपयोगी सल्ला तोच. ज्याला रडू येतं आहे त्याला, रडण्यासारखं काही नाही, असं पटवत बसलं की तो रडायचं थांबत नाही, सांगायचं मात्र थांबतो. मी विचारलं, तुमचं काय गेलं?

तो २००२ च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूरहून इथे एम.एस. करायला आला. गाडी नाही, पैसे मोजके, वर्गात बोललेलं निम्मं कळायचं नाही. २३ नोव्हेंबरला कुणीतरी तिकीट दिलं म्हणून मिशिगनच्या मॅचला गेला. ओहायो १४-९ ने जिंकली, माणसं मैदानात उतरली, त्या गर्दीत एका अनोळखी गोऱ्या पोराने त्याला कडकडून मिठी मारली. “या देशात आल्यावर मला कुणी हात लावला तो त्या दिवशी पहिल्यांदा,” तो म्हणाला. त्याच हंगामात टीम देशाची विजेती झाली. पुढे २०१२ ते २०१९ मिशिगनला सलग आठ वेळा हरवलं. २०२० ची मॅच कोविडमुळे झाली नाही. दोन मुलं, घर, नागरिकत्व, सगळं याच काळातलं. या गावात तो उपरा नाही याची पावती त्याला दर नोव्हेंबरला मिळत होती आणि गेली चार वर्षं ती येत नव्हती. शेजारी, सहकारी, दुकानदार, सगळे तेवढेच दुःखी होते हे खरं. पण ते इथेच जन्मलेले. त्यांना पावती लागत नाही.

माणसं अशी टीमला चिकटून आपलं मोल मोजतात हे नवीन नाही. रॉबर्ट चाल्डिनी हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी सात विद्यापीठांतल्या वर्गांत जाऊन बघितलं, तर टीम जिंकल्याच्या पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त मुलांच्या अंगावर दिसायचे. त्या सातांत ओहायो स्टेटही होतं आणि मिशिगनही. आमच्या अकरा वर्षांच्या गड्याने जर्सी डब्यात टाकली ती मात्र हरल्याच्या लाजेने नव्हे. तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, ते असं: “हरले की आमच्या घरात कुणी हसायचं नसतं. मग मी सकाळपासून जिंका, जिंका म्हणत बसतो.” पोट दुखायचं ते म्हणून. एवढ्याशा पोराने एक लाख लोकांच्या टीमची जबाबदारी घेतली होती.

हे वाक्य मुलाच्या संमतीने बापापुढे ठेवलं, तेव्हा त्याने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग कोल्हापूर काढलं. “आमच्याकडं असं नव्हतं मॅडम. पाटाकडील हरलं की पेठेतल्या कट्ट्यावर बसायचं, रेफ्रीला शिव्या घालायच्या, मध्यरात्रीपर्यंत सगळं ओकून मोकळं व्हायचं. घरी येईतो डोकं रिकामं. इथं बेसमेंटमध्ये एकटा बसतो, जाणार कुठं?” कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉलबद्दल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात, आणि तिथला राग इथल्यापेक्षा तसूभरही कमी नसतो. त्याचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं. अमेरिकेतल्या बंद घरात रागाला कट्टा नसतो, बायको आणि पोरंच असतात. त्यावर आधारून मी काहीतरी सुचवणार, एवढ्यात बायको म्हणाली, “आईंना फोन करून विचारा एकदा. बाबा मॅच हरून आले की त्या काय करायच्या ते.”

त्याने खरंच विचारलं. आईने सांगितलेलं त्याने पुढच्या भेटीत मला जसंच्या तसं ऐकवलं: “तुझा बा हरून आला की मी मुकाट ताट वाढायची. तुमा पोरांस्नी आधीच जेवायला घालून झोपवायची. आवाज नको म्हणून.” ठरावीक रविवारी संध्याकाळी जेवण लवकर का असायचं, हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. कट्ट्यावर सगळं रिकामं व्हायचं ही त्याची समजूत होती. उरलेलं घरी यायचंच. फक्त ते झेलायला कुणीतरी उभं असायचं आणि पोरांना ते दिसू द्यायचं नाही एवढी ती खबरदार होती.

माझ्या मते उपचार इथे झाला. पुढचं सगळं व्यवहाराचं. तरी त्यातला माफीचा भाग सांगण्यासारखा आहे. बापाने पहिल्यांदा मुलाला नवी कोरी जर्सी आणून दिली. आपल्याकडच्या बापांची माफी बहुधा पिशवीतून येते. मुलाने ती घडी न मोडता ठेवली. दुसऱ्यांदा तो बोलला, पण “सॉरी, पण तूही त्या वेळी...” असं. ‘पण’ आला की माफी संपते, मुलं हे फार पटकन ओळखतात. तिसऱ्यांदा म्हणाला, “मी सगळ्यांसमोर तुला गप्प बसवलं. तुझी चूक नव्हती. ते जिंकतात की हरतात याच्याशी तुझा काही संबंध नाही.” शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला सांगितलं होतं.

मॅचनंतर काय करायचं ते मॅचच्या आधी, डोकं थंड असताना ठरवलं. शिट्टी वाजली की तो मोठ्याने म्हणणार, “मी चिडलोय, तुमच्यावर नाही, तासाभरात येतो,” आणि शेजारच्या ओहायोवाल्याबरोबर चालायला जाणार. फोन घरी. रात्रीच्या जेवणाला टेबलावर यायचंच, बोललं नाही तरी चालेल. आणि बाईंनी मुलांना वरच्या मजल्यावर नेणं, पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावणं, बेत रद्द करणं, हे बंद करायचं. त्यांना सगळ्यात जड गेलं ते हेच. नवऱ्याचा मूड सांभाळणं हे घर चालवण्यात मोडतं असं त्या धरून चालल्या होत्या.

गंमत म्हणजे योजनेची परीक्षाच होईना. त्या वर्षीपासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी बारा टीमांची स्पर्धा झाली होती, त्यामुळे मिशिगनकडून हरूनही ओहायोला संधी मिळाली. २१ डिसेंबरला घरच्या मैदानावर टेनेसीला ४२-१७, मग ओरेगन, मग टेक्सस, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नॉत्र दामला ३४-२३. ज्या प्रशिक्षकाला हाकलायला निघाले होते त्यालाच लोकांनी डोक्यावर घेतलं. आमच्या गृहस्थांचा फोन आला, “मॅडम, आता बरं वाटतंय, भेटी थांबवूया का?” मी थांबवल्या नाहीत. चषक मिळाल्याने कुणाचा स्वभाव सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि मुलाचं पोट टेनेसीच्या दिवशीही दुखलं होतं.

परीक्षा झाली ती ६ डिसेंबर २०२५ ला. एकही मॅच न हरलेली ओहायो इंडियानापोलिसला इंडियानाकडून हरली, आणि गुण पुन्हा तेच, १३-१०. तो रात्रीच्या थंडीत चालायला गेला. दुसऱ्या दिवशी फारसा बोलला नाही, पण जेवायला बसला. मुलगा बहिणीच्या कशावर तरी खो खो हसला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं. एक-दोन दिवसांचा अबोला हा आजार नाही. झोप, जेवण, काम आठवडाभर बिघडलेलं राहिलं, पैसे लावणं किंवा पिणं वाढलं, घरातली माणसं त्याच्या पावलांचा अंदाज घेत वावरू लागली, तर भेटायला या. एखादा कुणी घाबरत असेल तर त्याच दिवशी या. फक्त नवऱ्यालाच घेऊन यायचं असंही काही नाही.

या बाई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. मुलाने शाळेत बास्केटबॉल सुरू केलं आहे आणि त्याच्या मॅचला बाबा कडेला उभे राहून पंचावर ओरडतात, अशी नवी तक्रार आहे. या वेळी ती मुलानेच केली आहे.