जुन्या इंग्रजी पाककृतींत माप आणि वेळ इतकी मोघम का असते?

आपण विचारले आहे की, 17व्या-18व्या शतकातील इंग्रजी घरांतल्या पाककृतींत "अक्रोडाएवढे लोणी", "तेज भट्टी" असेच का लिहिलेले असते आणि त्यांवरून आज पदार्थ करता येतो का. करता येतो; मी काही करून पाहिले आहेत. मात्र त्या मोघम आहेत, हे मला मान्य नाही. ज्या गृहिणीने या पाककृती आपल्या वहीत उतरवून घेतल्या, तिचा हात स्वयंपाकात बसलेला होता. तिला आठवणीपुरती टिपणे हवी होती, धडे नव्हेत. त्याच वहीत मुरंब्याशेजारी खोकल्याचे औषध असते, कृती जिच्याकडून मिळाली तिचे नाव असते, आणि कधी 'प्रोबाटुम एस्ट', म्हणजे 'प्रचीती आली आहे', असा लॅटिन शेराही असतो.

भट्टीचेही तसेच. विटांच्या भट्टीत लाकूडफाटा जाळून निखारे बाहेर ओढायचे आणि तापलेल्या विटांच्या धगीवर भाजायचे. तिथे अंशांचा आकडा लिहिणार तरी कसा?

इंग्रज लेखिका हॅना ग्लास यांच्या 1747 सालच्या पाककृतींच्या पुस्तकातला पाउंड केक पाहा. लोणी, मैदा आणि साखर प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, बारा अंडी, पण पांढरे निम्म्यांचेच, आणि थोडे शहाजिरे. लोणी हाताने एकाच दिशेने, दाट सायीसारखे होईपर्यंत फेसायचे आणि सगळे एकत्र करून तासभर फेटायचे. पहिल्या खेपेस मी वीस मिनिटांत थांबले आणि केक गच्च बसला. तेव्हा बेकिंग पावडर नव्हती. केक फुगायचा तो फेटताना आत कोंडलेल्या हवेवर. दुसऱ्यांदा पूर्ण तास फेटल्यावर मिश्रण फिकट पडले, हाताला हलके लागू लागले आणि केक नीट फुलला. थोडक्यात, जिथे खरोखर गरज होती तिथे वेळ लिहिलेली आहे. आपणच ती अतिशयोक्ती समजतो.

आपण करणार असाल तर अंडी लहान घ्या, कारण तेव्हाची अंडी आजच्यापेक्षा लहान असत. आणि वाइन पाइंटमध्ये दिली असेल तर 568 मिलिलिटर धरू नका. ते माप ब्रिटनमधल्या 1824 च्या वजन-मापांच्या कायद्यानंतरचे आहे. त्याआधीचा वाइनचा पाइंट सुमारे 473 मिलिलिटरचा होता.