तीन पैशांची नाणी सापडली आहेत, विकू की जमवू? आणि थोडेच दिवस चाललेलं दुसरं कोणतं नाणं आहे का?

जमवा. विकून काही हाती लागणार नाही.

तुम्ही लिहिलंय की आजीच्या डब्यात तीन पैशांची मूठभर नाणी निघाली, यूट्यूबवर कोणीतरी एकेक लाखाला जाते म्हणून सांगून राहिलाय, आणि तुम्ही पण नागपूरचेच. मग आधी लाखाचं निपटवून टाकू. ना बाप्पा, कोणी लाख देत नाही. साधं, हातोहात फिरलेलं तीन पैशांचं नाणं इतकं स्वस्त मिळते की तर्री पोह्याच्या एका प्लेटीच्या पैशात दोन-चार येऊन जातील. ते व्हिडिओवाले शेवटी एक नंबर देतात, त्यावर फोन केला की आधी 'रजिस्ट्रेशन फी' मागतात, मग टॅक्स मागतात आणि मग गायब. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि आम्ही अशी कुठलीही फी घेत नाही. त्यामुळे कोणी आरबीआयचं नाव घेऊन बोलला की फोन ठेवून द्यायचा, वाद पण घालत बसायचं नाही.

आता नाण्याबद्दल. लोक विचारतात काहून तीनच? एक, दोन, पाच समजतं, तीन कुठून आलं? माझ्या मते ते आण्याच्या हिशोबातून पाहिलं की कळते. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला, पण लोकांच्या डोक्यात आणेच होते (आमच्याकडे म्हातारी माणसं पंचाहत्तर पैशांना बारा आणेच म्हणत राहिली, आता ती पिढी गेली). एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा नवे पैसे, सुटे देताना सहाच धरायचे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. यात अर्धा आणा म्हणजे तीन पैसे आणि वर थोडंसं. म्हणजे तीनचं नाणं अगदीच हवेतून पडलेलं नाही. 1964 मध्ये ते आलं, सहा कोनांचं, कोपरे गोल केलेलं, अॅल्युमिनियमचं. त्या काळी तांबं-निकल बाहेरून आणावं लागे, परकीय चलन टंचाईत, म्हणून कमी किमतीची नाणी हळूहळू अॅल्युमिनियमवर गेली, एक आणि दोन पैशांची अॅल्युमिनियमची नाणी 1965 मध्ये आली, तीनवालं त्यांच्या आधीचं. 1964 मध्येच नाण्यांवरचा 'नये' शब्द पण गेला.

आणि 1971 नंतर बाजारासाठी पाडणं बंद. आठ वर्षं फक्त! महागाईनं खाल्लं त्याला. त्यानंतरच्या दशकात ते पाडलं ते फक्त मुंबई टाकसाळीच्या संग्राहकांसाठीच्या सेटमध्ये, त्यातल्या प्रूफ नाण्यावर (म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या) वर्षाखाली मुंबईच्या नेहमीच्या हिऱ्याच्या खुणेऐवजी इंग्रजी बी अक्षर असते. गंमत अशी की कायद्यानं मात्र ते 30 जून 2011 पर्यंत जिवंत होतं, त्या दिवशी पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी एकदम बाद झाली. म्हणजे चाळीस वर्षं ते नाणं कागदावर चालू आणि दुकानात कोणी हात लावायला तयार नाही.

जमवायचं कसं, तर नुसती नाणी गोळा करून डबा भरू नका, एक तक्ता करा. आडवी वर्षं 1964 ते 1971, उभ्या तीन टाकसाळी, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद. चोवीस घरं होतात, सगळी भरणार नाहीत कारण दर वर्षी तिन्ही टाकसाळींनी हे नाणं पाडलं असं नाही, कुठलं घर रिकामंच राहणार ते कॅटलॉगमध्ये बघून आधीच काट मारून ठेवा नाहीतर नसलेल्या नाण्यामागे धावत बसाल. खूण वर्षाच्या खाली असते. छोटासा हिरा दिसला की मुंबई, चांदणी दिसली की हैदराबाद, काहीच नसलं की कलकत्ता. आणि इथेच लोक फसतात, कारण नाणं घासून गुळगुळीत झालं की हिरा पण जातो आणि मग मुंबईचं नाणं कलकत्त्याचं म्हणून खपवतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीजवळ जा आणि नाणं तिरपं धरून हळू फिरवा, हिरा झिजलेला असला तरी त्या जागी एक बारीक उंचवटा सावली पाडते. सरळ वरून बघाल तर सपाट दिसेल. आजीच्या डब्यातली नाणी आज रात्रीच अशी बघा, मजा येईल.

खरी अडचण कंडिशनची आहे. अॅल्युमिनियम नरम, नाणं जेमतेम सव्वा ग्रॅमचं, डब्यात एकमेकांवर आपटून चरे पडलेले असतात, ओल लागली की पांढुरकी भुकटी धरते. तीन पैसे पोत्यानं मिळतील, पण त्यावरच्या सिंहाच्या आयाळीचे केस सुटे दिसतील असं यूएनसी, म्हणजे कधी न फिरलेलं कोरं नाणं शोधायला दम लागतो, आणि भाव त्यालाच आहे. धुवायचं असेल तर साधं पाणी आणि पुसायचं नाही, टिपायचं. चिंच, लिंबू, सोडा, भांड्याची पावडर यातलं काहीही नको, अॅल्युमिनियमला आंबट पण चालत नाही आणि खार पण चालत नाही, दोन्हीनं खड्डे पडतात. मऊ प्लास्टिकचे चिकट होणारे पाऊच टाळा, कार्डबोर्डचे होल्डर घ्या आणि त्याच्या स्टेपलच्या पिना पकडीनं दाबून सपाट करा, नाहीतर अल्बममध्ये शेजारच्या नाण्याला ओरखडे.

नागपुरात कुठे मिळतील? सीताबर्डीला रविवारी फूटपाथवर बसणाऱ्यांकडे बघा, पण तिथे भाव माणूस पाहून सांगतात, उत्साह दाखवायचा नाही. माझं मत विचाराल तर इतवारीतले जुने भांडेवाले बेस्ट. एका दुकानात मी अॅल्युमिनियमच्या फुटक्या गंजांसोबत या नाण्यांची थैली काट्यावर चढलेली पाहिलीय, किलोचा भाव! मालक म्हणे, "घेता का भाऊ, नाहीतर हे सगळं भट्टीत जाते." थैली तिथेच फरशीवर ओतून बसलो, मालकाचा पोरगा पण हिरे शोधायला लागला. आणि वेळ असेल तर सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, एकदा बघून या. 1863 चं आहे, जुनी नाणी पाहिली की नजर तयार होते.

दुसरं नाणं विचारलंत. वीस पैशांचं पितळी कमळवालं सगळे सुचवतील, 1968 ते 1971, त्यात 1969 चं गांधीजींचं पण. छान आहे, पण कमळामुळे लक्ष्मीपूजनासाठी घरोघरी जपून ठेवलेलं, त्यामुळे मुबलक. त्यात सोनं आहे ही अफवाच आहे. मला विचाराल तर पुढे खिसा साथ देत असेल तेव्हा पंचम जॉर्जचं निकलचं आठ आणे. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी तुटली की अमेरिकेकडून आणावी लागली, तेव्हा तांबं-निकल मिसळून दोन, चार आणि आठ आण्यांची नाणी काढली. आठ आण्याचं फक्त 1919 आणि 1920 चं, आणि ते इतकं सहज खोटं पाडता येत होतं की सरकारला मागे घ्यावं लागलं. म्हणून बिलाशिवाय आणि ओळखीच्या डीलरशिवाय घेऊ नका, खोटी त्या काळची पण आहेत आणि आजची पण. शंभर वर्षं उलटल्यामुळे ते आता 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू झालंय, परदेशातल्या पोराला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर नको, देशाबाहेर नेता येत नाही.

तर आधी डबा उलटा करा आणि कुठली वर्षं, कुठल्या खुणा निघाल्या ते इथेच कमेंटमध्ये लिहा. माझ्याकडे कलकत्त्याची बरीच डबल पडून आहेत, तुमच्यात चांदणीवालं एखादं जास्तीचं निघालं तर अदलाबदल करू.