पास्कल-सेकंद की पास्कल प्रति सेकंद?

प्रश्न आहे अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी तांत्रिक कागदांचं भाषांतर करणाऱ्या बाईंचा. एकाच मालाची डायनॅमिक व्हिस्कॉसिटी (मराठीत श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध) एका कागदावर पास्कल-सेकंदांत आहे, दुसऱ्यावर 'सीपीएस'मध्ये आणि तिसऱ्यावर पाउंड-फुटांत. त्यांनी मराठीत 'पास्कल प्रति सेकंद' आणि 'सेंटिपॉइझ प्रति सेकंद' असं लिहिलं. केमिस्टनं दोन्ही ठिकाणचा 'प्रति' खोडला. 'कानाला तर प्रतिच बरोबर वाटतं, मग चुकलं काय?' असं त्या विचारतात.

केमिस्टचं बरोबर आहे. पण कान का फसला, तेही समजण्यासारखं आहे. मराठीत काळाचा शब्द आला की आपण त्याला 'दर' किंवा 'प्रति' चिकटवतोच. दरमहा, दरसाल म्हणतो आणि तासाला तर 'ताशी' असा खास शब्दच आहे. त्यामुळे शेवटी 'सेकंद' दिसला की भागाकार गृहीत धरला जातो. इथे मात्र गुणाकार आहे. विजेच्या बिलावरचं युनिट आठवा. ते किलोवॅट-तास असतं, किलोवॅट प्रति तास नव्हे (वर्तमानपत्रांत मात्र दुसरं रूपही खुशाल छापून येतं).

सेकंद गुणाकारात येतो कसा? द्रवाचे थर एकमेकांवरून सरकवायला प्रत्येक चौरस मीटरमागे जे बल लागतं, ते पास्कलमध्ये मोजतात. थरागणिक वेग किती बदलतो, हे 'दर सेकंदाला इतका' असं मोजतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की श्यानता मिळते. 'दर सेकंदा'नं भागणं म्हणजेच सेकंदानं गुणणं. म्हणून पास्कल-सेकंद, मध्ये फक्त जोडरेघ.

'सीपीएस'चा सापळा याहून वाईट. वडगादी-मस्जिद बंदरच्या रसायनबाजारात 'दोन हजार सीपीएसचा माल' असं सर्रास बोलतात. त्यातला 'एस' सेकंदाचा नाही, सेंटिपॉइझचंच ते रुळलेलं लघुरूप आहे. मराठीत नुसतं 'सेंटिपॉइझ' लिहावं. पॉइझ हे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं एकक, म्हणजे डाइन-सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर (डाइन हे त्याच पद्धतीतलं बलाचं एकक). सेकंद त्याच्या पोटात आधीच आहे, बाहेरून आणखी एक जोडायचं कारण नाही. नाव आलं ज्याँ पॉइझय या फ्रेंच वैद्यावरून (१७९७–१८६९). रक्त सूक्ष्म वाहिन्यांतून कसं वाहतं हे समजून घेण्यासाठी त्यानं काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग केले. एककात त्याचं अर्धंच नाव उरलं.

रूपांतर सोपं आहे. पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर एक न्यूटन बल. १ न्यूटन म्हणजे १,००,००० डाइन आणि १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार येतो १०. म्हणून १ पास्कल-सेकंद म्हणजे १० पॉइझ, आणि १ सेंटिपॉइझ म्हणजे बरोबर १ मिलिपास्कल-सेकंद. या जोडीत आकडा बदलतच नाही. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळपास १ सेंटिपॉइझ असते, तेवढा अंदाज डोक्यात ठेवला की दशांशचिन्हाची चूक लगेच डोळ्यांत भरते.

तिसऱ्या कागदाकडे मात्र नीट बघा, कारण खरा घोळ तिथे होऊ शकतो. पाउंड-फुटांत दोन निरनिराळी एककं आहेत. 'पाउंड प्रति फूट-सेकंद' म्हणजे सुमारे १.४८८ पास्कल-सेकंद. 'पाउंड-बल-सेकंद प्रति चौरस फूट' म्हणजे सुमारे ४७.८८ पास्कल-सेकंद. 'बल' हा दोन अक्षरी शब्द गाळलात तर आकडा ३२ पटींहून अधिक चुकतो. पाउंड वस्तुमानाचा की बलाचा, हे मूळ कागदातही कधी कधी आखडतं घेऊन लिहिलेलं असतं. तसं असेल तर सेकंद कुठे आहे ते बघा. तो फुटासोबत छेदात असेल तर वस्तुमान, वर अंशात असेल तर बल. जुन्या कागदांत 'किलोग्रॅम-बल-सेकंद प्रति चौरस मीटर' भेटलं तर ९.८०७ नं गुणा, पास्कल-सेकंद मिळतील.

ग्लिसरीनवर पडताळून बघा. २० अंशांना त्याची श्यानता सुमारे १.४१ पास्कल-सेकंद असते, म्हणजेच १४.१ पॉइझ किंवा १४१० सेंटिपॉइझ. पाउंड प्रति फूट-सेकंदांत ती ०.९५ च्या आसपास येते, पाउंड-बलाच्या एककात जेमतेम ०.०२९. तापमानाचा आकडा भाषांतरात कधीही गाळू नका. तेच ग्लिसरीन ३० अंशांना, म्हणजे मुंबईच्या साध्याशा दुपारी, ६०० सेंटिपॉइझच्या आसपास उतरतं. पावसाळ्यात पिंप उघडं राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून आणखी पातळ होतं, पण तो दोष रूपांतराचा नव्हे.

आता शब्दांबद्दल. व्हिस्कॉसिटीला मी 'श्यानता' लिहितो. 'विष्यंदिता'ही छापलेला दिसतो, पण त्याच्या मुळाशी 'स्यंद्' म्हणजे वाहणं, पाझरणं आहे, आणि आपण मोजतोय वाहण्याला होणारा विरोध. 'श्यान' म्हणजे घट्ट होत गेलेलं, ते नेमकं बसतं. 'दाटपणा' बोलायला छान, पण वाचणारा त्याचा अर्थ घनता असा घेईल. डायनॅमिकला 'गतिक' लिहा. 'गतिज' टाळा, कारण तोच शब्द कोणी कायनेमॅटिकलाही लावतं आणि ती राशीच वेगळी. कायनेमॅटिक श्यानता सेंटिस्टोक्समध्ये येते. सेंटिपॉइझला ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमधल्या घनतेनं भागलं की ती मिळते. २० अंशांच्या ग्लिसरीनची घनता १.२६, म्हणून तिथे १४१० चे सुमारे ११२० होतात. घनता हाती नसेल तर सेंटिस्टोक्सचा स्तंभ सरळ रिकामा ठेवा आणि केमिस्टकडे मागा.