गाडीसाठी बाळाची सीट घेताय? आधी हे बघा

मागच्या सीटची पाठ आणि बूड मिळतात त्या फटीत बोटं घाला. लोखंडी कडी लागली तर गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट थेट कडीत अडकवायची सोय, आहे. नसेल तर बेल्टने बसणारी सीट घ्या, तीही चालते. बसवल्यावर बुडाशी धरून गदागदा हलवा. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा आवळा.

बाळाचं तोंड मागे, निदान सव्वा वर्षापर्यंत. सीटच्या मापात बसतंय तोवर त्यानंतरही वळवायची घाई नको. पुढे, चालू एअरबॅगसमोर मात्र अशी सीट कधीच लावू नका. खांद्यावरचा पट्टा चिमटीत आला तर ढिला आहे. जाड स्वेटर काढूनच बांधा, वरून शाल टाका.

आजी म्हणणारच, "किती रडतंय, दे माझ्या मांडीवर!" इथे विरघळू नका. जोरात ब्रेक लागला की कुणाच्याच हातांना मूल धरवत नाही. फारच रडलं तर गाडी बाजूला घेऊन थांबा. कायद्याने १४ वर्षांखालचं मूल असं मोकळं नेलं तर १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. आजींनाही मागे बेल्ट लावायला लावा आणि काचेजवळच्या फळीवरचे नारळ, डबे डिकीत टाका.