‘सम नाही’ म्हणजे ‘विषम’च का?

प्रश्न असा आहे: ‘पूर्णांकाचा वर्ग सम असेल तर तो पूर्णांकही सम असतो’ या विधानाची अप्रत्यक्ष सिद्धता ‘समजा, तो विषम आहे’ अशी सुरू होते. ‘सम नाही’ असं म्हणायचं असताना थेट ‘विषम’ लिहिणं बरोबर आहे का?

इथे बरोबर आहे, पण ते ‘विषम’ या शब्दाच्या बळावर नव्हे, पूर्णांकांच्या स्वभावामुळे. कोणत्याही पूर्णांकाला २ ने भागलं की बाकी ० तरी उरते, नाहीतर १. बाकी ० असेल तर सम, १ असेल तर विषम. म्हणून शून्य सम; आणि उणे तीन विषम, कारण −३ = २ × (−२) + १.

आता सिद्धता पाहा. विषम पूर्णांक २क + १ असा लिहिला, तर त्याचा वर्ग येतो ४क(क + १) + १, म्हणजे विषमच. (क आणि क + १ यांतला एक सम असतोच, त्यामुळे या वर्गाला ८ ने भागलं तरी बाकी १ उरते. मला हा निष्कर्ष फार देखणा वाटतो.) पण वर्ग सम असल्याचं पक्षातच (विधानात गृहीत धरलेल्या भागातच) दिलंय, तेव्हा पूर्णांक विषम असू शकत नाही. मग ‘विषम नाही, म्हणून सम’ ही शेवटची पायरी. ती टिकते, कारण तिसरा पर्यायच नाही.

हाच तर्क दुसरीकडे नेला की फसतो. ५, ५ आणि ८ सेंमी बाजूंचा त्रिकोण समभुज नाही, पण म्हणून तो विषमभुज होत नाही. तो समद्विभुज आहे. छंदःशास्त्रातही समवृत्त (चारही चरण एकाच मापाचे) आणि विषमवृत्त (चारही वेगवेगळ्या मापांचे) यांच्यामध्ये अर्धसमवृत्त आहे. वियोगिनी किंवा पुष्पिताग्रा घ्या: पहिला-तिसरा चरण एका मापाचे, दुसरा-चौथा दुसऱ्या मापाचे. शिवाय त्याच शास्त्रात ‘विषम चरण’ म्हणजे पहिला आणि तिसरा. तिथे ‘विषम’ चरणाच्या क्रमांकाला लागतं, रचनेला नाही. संख्यांमध्येही ‘मूळ नाही’ म्हणजे ‘संयुक्त’ असं सरसकट म्हणता येत नाही, कारण १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

त्यामुळे सिद्धता लिहिताना ‘विषम’ खुशाल वापरा, पण पक्षातला ‘पूर्णांक’ शब्द गाळू नका. त्याऐवजी नुसतं ‘संख्या’ लिहिलंत तर विधानच खोटं होतं: २ च्या वर्गमुळाचा वर्ग २, म्हणजे सम; ते वर्गमूळ मात्र सम नाही आणि विषमही नाही.