वीस हंगाम, एकच संघ

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील कॉर्नरबॅक काय करतो, आणि निवृत्त खेळाडू डॅरेल ग्रीन यांचे नाव एवढ्या आदराने का घेतले जाते?

उत्तर : प्रतिस्पर्धी संघाचा चेंडू झेलणारा खेळाडू जिकडे धावेल तिकडे सावलीसारखे धावून त्याच्याकडे फेकलेला चेंडू अडवणे किंवा स्वतःच झेलणे हे कॉर्नरबॅकचे काम असते. ते वेगावर चालते, आणि वयाबरोबर वेग ओसरतो. म्हणूनच ग्रीन १९८३ ते २००२ असे २० हंगाम केवळ वॉशिंग्टनकडून खेळले, हे मला त्यांच्या सुपर बोलमधील (अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना) दोन विजयांहूनही मोठे वाटते. जानेवारी १९८८ मध्ये शिकागोविरुद्ध ५२ यार्डांची निर्णायक धाव घेताना त्यांच्या बरगडीला दुखापत झाली, तरी ते थांबले नाहीत. २००८ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेमचा, म्हणजे या खेळातील महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत स्थान मिळण्याचा, सन्मान मिळाला.